साथीच्या दिवसांतील जखमी

विरार ते चर्चगेट या लोहमार्गाच्या आवाजावर आम्हां वसईकरांचे घड्याळ चालते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. पहाटेची पहिली लोकल गेली की दूधवाला निघतो, रात्रीची शेवटची गेली की घरातला दिवा मालवला जातो. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून हा आवाज थांबला. दररोज सुमारे ७५ लाख माणसे वाहून नेणारी मुंबईची उपनगरी गाडी बंद पडली आणि त्या शांततेत आमच्या कानांना प्रथम पाखरे ऐकू आली. त्या पाखरांवर तेव्हा पुष्कळांनी लिहिले. आम्हांला मात्र त्या शांततेची दुसरी एक बाजू येथे मांडायची आहे.

मुंबईच्या लोहमार्गांवर २०१९ साली सुमारे २,७०० माणसे मृत्यू पावली. म्हणजे दिवसाला सात. त्यांतील बहुतेक रूळ ओलांडताना, तर पुष्कळशी गर्दीच्या गाडीच्या दारातून पडून. हात किंवा पाय गमावून वाचलेले निराळेच. २०२० साली हा आकडा अकराशेंच्या आसपास आला. गाडीच धावत नाही म्हटल्यावर तिच्याखाली कोण सापडणार? त्यामुळे वरवर पाहणाऱ्यास वाटेल की, महामारीने निदान जखमी माणसावर तरी उपकारच केले. त्याची संख्या घटली आणि रुग्णालयांवरील भारही तेवढाच हलका झाला. हा समज अर्धवट खरा आहे. जखमींची संख्या घटली, परंतु जो जखमी झाला त्याच्या वाट्याला काय आले, हे त्या आकड्यात दिसत नाही. साथ जेव्हा शहरात शिरते तेव्हा ती तापाच्या रोग्यांना गाठते, हे उघड आहे. पण त्याच वेळी ती ताप नसलेल्या, केवळ हाड मोडलेल्या किंवा डोके फुटलेल्या माणसाचे रुग्णालयही काढून घेते. हे आजचे नाही. मुंबईने ते सव्वाशे वर्षांपूर्वीही पाहिले होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या वखारींच्या वस्तीत तापाचे आणि जांघेतील गाठींचे रोगी डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी तपासले आणि हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग आहे, असे निदान केले. डॉ. व्हिएगस मूळचे गोव्यातील हडफड्याचे. आपल्या समाजात त्यांचे नाव पुष्कळांना ठाऊक आहे आणि धोबी तलावाजवळचा त्यांचा पुतळा आपल्यापैकी अनेकांनी येता-जाता पाहिलेला असेल. वांद्र्याच्या गावठाणांत त्या काळी उभारलेले प्लेगचे क्रूसही अजून उभे आहेत. निदान अचूक होते. परंतु त्यानंतर सरकारने जे उपाय योजले त्यांनी लोकांच्या मनात रोगाइतकेच रुग्णालयाचे भय उत्पन्न केले. रोग्यास घरातून उचलून रुग्णालयात नेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. साथीच्या रोग्यांसाठी आर्थर रोडवर रुग्णालय होते. तेथे गेलेला परत येत नाही, अशी समजूत पसरली. त्याहून भयंकर अफवा अशी की, तेथे माणसांना उलटे टांगून त्यांच्या शरीरातून ‘मोमियाई’ नावाचे औषधी तेल काढतात. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार त्या रुग्णालयावर चालून गेले. त्यानंतर महिन्याअखेरीस सक्तीचे नियम काहीसे सैल करावे लागले.

हे गिरणी कामगार कोण होते याचा विचार केला म्हणजे आमच्या विषयाचा धागा हाती येतो. गिरणीतील पट्ट्यांत हात सापडणे, यंत्रात बोटे जाणे, गोदीत गासडीखाली चिरडणे ही या वर्गाच्या वाट्याला येणारी संकटे. शहरातील कोणत्याही वर्गापेक्षा शल्यचिकित्सकाची गरज त्यालाच अधिक होती आणि तोच वर्ग आता रुग्णालयाच्या इमारतीकडे पाहण्यासही धजावत नव्हता. सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय १८४५ पासून, तर गोकुळदास तेजपाल रुग्णालय १८७४ पासून चालू होते. त्यांचा प्लेगच्या छावण्यांशी संबंध किती, हे घाबरलेल्या माणसाला कोण समजावून सांगणार? त्याच्या लेखी सर्व रुग्णालये एकच. त्या काळात हात तुटलेले किती कामगार खोलीतच हळदीचा लेप लावून पडून राहिले, याची नोंद कोठेच नाही. ती असणे शक्यही नव्हते. साडेआठ लाखांच्या शहरातून १८९७ च्या आरंभापर्यंत जवळजवळ निम्मी माणसे कोकण-देशावर पळाली, एवढे मात्र इतिहासाने लिहून ठेवले आहे.

साथ नुसती रुग्णालयाची वाट अडवते असे नाही; ती स्वतःही जखमी निर्माण करते. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासण्यास पथक गेले. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी विरोध केला, त्याचे दंग्यात रूपांतर झाले, गोळीबार झाला, माणसे मेली आणि घायाळ झाली. ज्या रुग्णालयाच्या भयाने हे लोक रस्त्यावर उतरले होते, त्याच रुग्णालयात गोळी लागलेल्यांना न्यावे लागणार होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये ज्या साथरोग कायद्याखाली हे सारे चालले, तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. ब्रिटिशांचे राज्य गेले, पण त्यांनी घाईघाईत केलेला हा कायदा आपल्याकडे टिकला, ही गोष्ट येथे सहज आठवली म्हणून नोंदवितो.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाची हकिकत निराळी, आणि ती थोडक्यात सांगता येईल. जूनमध्ये गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे मेली. या वेळी लोक रुग्णालयाला भ्याले नाहीत. या वेळी रुग्णालयच अपुरे पडले. महायुद्ध चालू असल्याने पुष्कळ डॉक्टर लष्करासोबत परदेशी होते. केईएम अद्याप बांधले जायचे होते, ते १९२६ चे. शीवचे रुग्णालय तर १९४७ चे. ज्या चार-दोन इमारतींत शहरभरचे अपघाती रुग्ण जात, त्यांच्याच ओसऱ्यांवर तापाचे रोगी झोपलेले. प्लेगात माणूस रुग्णालयापासून दूर राहिला आणि इन्फ्लुएन्झात रुग्णालयात त्याला जागा उरली नाही. २०२० साली या दोहोंची भेट झाली.

११ मार्च २०२० रोजी मुंबईत कोविडचे पहिले रोगी आढळले आणि त्यांना चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात ठेवण्यात आले. हे कस्तुरबा म्हणजे ते जुने आर्थर रोडचेच रुग्णालय. पाहता पाहता ते भरले आणि मग एकेक मोठे रुग्णालय साथीसाठी राखून ठेवण्याचा क्रम सुरू झाला. महापालिकेचे नायर, मरोळचे सेव्हन हिल्स, शासनाचे सेंट जॉर्जेस आणि गोकुळदास तेजपाल. सेंट जॉर्जेस हे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागून असलेले रुग्णालय. स्थानकच ओस पडल्यामुळे तेथील अपघाताचा ओघ आटला होता, तेव्हा हा निर्णय त्या घडीला योग्यच म्हणावा लागेल. केईएम आणि शीव येथील कॅज्युअल्टी मात्र चालूच राहिल्या आणि दोन्हीकडे एकाच छपराखाली कोविडचे रोगी व अपघाताचे रोगी असा दुहेरी संसार मांडला गेला. शीवच्या रुग्णालयाला लागून धारावी. तेथे १ एप्रिलला पहिला रोगी सापडला. द्रुतगती मार्ग आणि रेल्वे यांच्या सांध्यावर बसलेल्या या रुग्णालयाने आजवर मोडलेली माणसे जोडण्यात नाव मिळविले होते. आता त्याच परिचारिका आणि तेच भूलतज्ज्ञ यांना श्वास कोंडलेल्यांकडे धावावे लागले.

सर्वांत बोलके उदाहरण दिल्लीचे आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे जयप्रकाश नारायण ॲपेक्स ट्रॉमा सेंटर हे अपघाती रुग्णांसाठीचे देशातील अग्रगण्य केंद्र. मार्च २०२० च्या अखेरीस तेच केंद्र कोविडसाठी घेण्यात आले आणि जखमींची व्यवस्था मुख्य रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात हलविण्यात आली. का? मुख्य आवारापासून वेगळी इमारत, अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर, प्राणवायूच्या नळ्या, रात्रंदिवस जागणारी माणसे. जे जे जखमींसाठी वर्षानुवर्षे जमविले, ते ते सारे साथीलाही नेमके हवे होते. चांगले घर असलेल्याकडेच पाहुणे उतरतात, त्यातला हा प्रकार.

इटलीतील लोम्बार्डी प्रांताने थोडा वेगळा मार्ग धरला. ८ मार्च २०२० च्या आदेशाने तेथे गंभीर अपघात, पक्षाघात, हृदयविकार यांसाठी काही थोडी रुग्णालये नेमून दिली आणि इतरांना साथीसाठी मोकळे केले. रुग्णवाहिकेला अंतर अधिक पडले, पण दार कोणते ठोठवायचे हे तरी ठाऊक होते. दक्षिण आफ्रिकेने तर मुळावरच घाव घातला. त्या देशात शनिवार-रविवारच्या रात्री मद्यपानातून होणाऱ्या मारामाऱ्या व अपघात यांनी रुग्णालये ओसंडतात. मार्च २०२० मध्ये मद्यविक्री बंद होताच अपघात विभागांतील गर्दी एकदम ओसरली. १ जूनला दुकाने उघडताच ती परतली. आणि १२ जुलैला राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी खाटा मोकळ्या हव्यात असे कारण देऊन पुन्हा बंदी घातली. मद्यबंदीच्या गुणदोषांची चर्चा येथे नको. परंतु जखमी माणूस व तापाचा रोगी एकाच खाटेसाठी उभे आहेत, हे एका राज्यकर्त्याने जाहीरपणे सांगितले, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. आपल्याकडे ते कोणी इतक्या स्पष्टपणे बोलले नाही.

आता आमच्या गावची एक हकिकत सांगतो. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पाऊस तोंडावर आलेला आणि घरे शाकारायची राहिलेली. दर वर्षी कौले चाळायला येणारे मजूर टाळेबंदीत आपापल्या मुलखाला निघून गेले होते. आमच्या आळीतील एक निवृत्त मास्तर, वय पंचाहत्तरीच्या घरात, स्वतःच शिडी लावून वर चढले आणि पडले. खुब्याचे हाड मोडले. रुग्णवाहिकेला फोन केला, तर ती तापाचे रोगी ने-आण करण्यात गुंतलेली. अखेर शेजारच्या पोरांनी भाजीच्या टेम्पोत गादी घालून त्यांना नेले. पहिल्या रुग्णालयात सांगितले, येथे फक्त कोविड. दुसऱ्याच्या फाटकावरच रखवालदाराने तापमापक कपाळावर धरला. ‘‘अरे बाबा, मला ताप नाही रे, पाय मोडलाय माझा,’’ हे मास्तरांचे उद्गार आम्ही त्या पोरांच्या तोंडून ऐकले. आत घेतले, परंतु स्वॅबचा अहवाल आल्यावाचून शस्त्रक्रिया नाही. अहवाल तिसऱ्या दिवशी आला, शस्त्रक्रिया पाचव्या दिवशी झाली. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाची शस्त्रक्रिया साधारण ४८ तासांत व्हावी असे शास्त्र सांगते; कारण पडून राहिलेल्या म्हाताऱ्या शरीरात छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात. मास्तरांच्या पत्नीला दाराच्या आत प्रवेश नव्हता. पाच दिवस त्या समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या.

त्या वेळी आमचाही राग अनावर झाला होता, हे प्रांजळपणे कबूल करतो. पुढे वाचन केल्यावर तो थोडा निवळला. मे २०२० मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २४ देशांतील २३५ रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या आगेमागे ज्यांना कोविडची लागण झाली होती अशा १,१२८ रुग्णांपैकी २३.८ टक्के रुग्ण तीस दिवसांत दगावले होते. म्हणजे जवळजवळ चौघांत एक! यांतील बहुतेक शस्त्रक्रिया तातडीच्या होत्या. तेव्हा सुरी हाती धरण्यापूर्वी अहवाल मागणारा शल्यविशारद केवळ स्वतःच्या जिवाला भीत होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. भूल देताना नळी घशात घालणाऱ्या डॉक्टराच्या तोंडावर रोग्याचा श्वास येतो, हेही विसरता कामा नये. कर्मचाऱ्यांनाच लागण झाल्याने शहरातील काही खासगी रुग्णालये त्या एप्रिलमध्ये दिवसचे दिवस बंद ठेवावी लागली होती.

परंतु वाट पाहता येईल अशी जखम आणि वाट न पाहणारी जखम, यांत भेद आहे. पोटात रक्तस्राव होत असलेला, डोक्यात रक्त साकळत चाललेला माणूस अहवालासाठी थांबू शकत नाही. अशा वेळी आलेला प्रत्येक जण बाधितच आहे असे गृहीत धरून, अंगभर पीपीई किट चढवून, थेट शस्त्रक्रियेला हात घालायचा, हा मार्ग सार्वजनिक रुग्णालयांतील शल्यविशारदांनी पत्करला. मे महिन्याच्या उकाड्यात, रोग्याजवळ गार हवा फिरू द्यायची की नाही याचीच शंका असताना, प्लास्टिकच्या त्या कवचात तीन-तीन तास उभे राहणे म्हणजे काय, याची कल्पना बाहेरच्यास यावयाची नाही. घामाने चष्मा धुरकटतो, सहकाऱ्याचे शब्द नीट ऐकू येत नाहीत, खुणेने कात्री मागावी लागते. एरवी वीस मिनिटांचे काम तासावर जाते. त्यातच जेथे प्लास्टरने भागेल तेथे शस्त्रक्रिया टाळावी असे धोरण पडले. त्यामुळे काही हाडे वाकडी जुळली आणि ती पुढे पुन्हा मोडून बसवावी लागली.

एप्रिल २०२० च्या अखेरीस केंद्रीय आरोग्य खात्याने राज्यांना पत्र लिहिले. खासगी रुग्णालये डायलिसिस, रक्त चढविणे, कर्करोगावरील औषधोपचार, बाळंतपण यांसारख्या सेवा देण्यास कां कू करीत आहेत, अहवालाचा आग्रह धरीत आहेत, ते थांबवावे, असा त्याचा आशय. वास्तविक जखमी माणसाला कोणत्याही डॉक्टरने प्रथम उपचार दिलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा यांच्या खटल्यात सांगून ठेवले होते. त्या वेळी अडथळा पोलीस पंचनाम्याचा होता. तीस वर्षांनी पंचनाम्याची जागा स्वॅबने घेतली.

दरम्यान जखमांचे स्वरूपही पालटत होते. रस्ते ओस पडले तशी वाहने सुसाट सुटली असावीत, असे आकडे सुचवितात. देशात २०१९ मध्ये ४,४९,००२ रस्ते अपघातांत १,५१,११३ माणसे मेली. २०२० मध्ये अपघात ३,६६,१३८ वर आले, मृत्यू १,३१,७१४ झाले. घट झाली खरी. परंतु दर शंभर अपघातांमागे मरणारे ३३.७ वरून ३६ वर गेले. वेग वाढला म्हणून, की मदत उशिरा पोहोचली म्हणून? आमच्या समजुतीने दोन्हींचा त्यात वाटा असावा. घरातल्या घरात पडणारे वृद्ध मात्र कमी झाले नाहीत. जगभरच्या अस्थिशल्यकांचा अनुभव हाच की, इतर अपघात घटले तरी म्हाताऱ्यांचे मोडलेले खुबे येतच राहिले. टाळेबंदीला घराच्या ओल्या मोरीचे काय?

आणि पायी निघालेले मजूर. ८ मे २०२० रोजी पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, जालन्याहून भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघालेले आणि थकून रुळांवरच झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. गाड्या बंद आहेत, या भरवशावर ते झोपले होते. रस्ता सुरक्षेसाठी काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशनने २५ मार्च ते ३१ मे या काळात रस्त्यांवर मेलेल्या स्थलांतरित मजुरांची संख्या १९८ मोजली. यांतील एकाही नावापुढे साथीचा मृत्यू असे लिहिलेले नाही. ज्या महामारीने त्यांना रस्त्यावर आणले, तिच्या हिशेबात ते येत नाहीत.

रक्ताविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण तेथे आपला संबंध येतो. अपघातात सापडलेल्यास सर्वांत आधी रक्त लागते आणि मुंबई-वसईच्या रक्तपेढ्या भरतात त्या महाविद्यालयांतून, कचेऱ्यांतून, मंडळांतून आणि आपल्या धर्मग्रामांतून होणाऱ्या शिबिरांवर. टाळेबंदीत ही सारी दारे बंद झाली. शस्त्रक्रिया कमी झाल्या होत्या म्हणून निभावले. नाहीतर अवघड होते. पुढे थोड्या-थोड्या माणसांना वेळ ठरवून बोलावून, खुर्च्यांत अंतर ठेवून लहान शिबिरे सुरू झाली. चर्च उपासनेसाठी बंद आणि त्याच्याच सभागृहात रक्तदान चालू, असे दृश्य काही ठिकाणी दिसले. त्या रक्ताच्या पिशव्या कोणाला गेल्या हे देणाऱ्यास कळत नाही, आणि त्या काळी तर घेणाऱ्याचा चेहराही मुखपट्टीआड होता.

लोकल १५ जून २०२० ला अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली, १ फेब्रुवारी २०२१ ला ठराविक वेळांत सर्वांसाठी, आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने सर्वसामान्यांसाठी पुन्हा बंद झाली. त्या लाटेत टंचाई प्राणवायूची होती. आणि जो प्राणवायू कोविडच्या रोग्याला, तोच शस्त्रक्रियेच्या टेबलावरील जखमीला. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन लसी घेतलेल्यांना गाडीत प्रवेश मिळाला. २०२२ साली लोहमार्गावरील मृत्यू पुन्हा अडीच हजारांवर पोहोचले. कॅज्युअल्टीतील गर्दी पूर्ववत झाली. दिल्लीचे ट्रॉमा सेंटरही पुन्हा जखमींकडे आले.

आमचे मास्तर वाचले. एक पाय किंचित आखूड झाला, काठी आली, पण रविवारी पहाटेच्या मिस्साला ते चालत जातात. त्या पाच दिवसांचे कागद त्यांनी एका फायलीत नीट लावून ठेवले आहेत. शाळेची हजेरी लावण्याची सवय गेलेली नाही. परवा त्यांनी ती आम्हांला उघडून दाखविली. सर्वांत वर स्वॅबचा अहवाल आहे, त्यावर ‘निगेटिव्ह’ असा शिक्का. मोडलेल्या हाडाचे क्ष-किरण छायाचित्र त्याच्या खाली.